राजदूतसाहेब खाली बसले तेव्हा

अमेरिकेत, ट्रॉय गावी, आमच्या शेजारचे राजदूतसाहेब कचरा टाकायलासुद्धा सूट-टाय घालून जायचे. एका हातात काळी पिशवी, दुसरा कोटाच्या बटणावर. वाटेत कोणी भेटलं की थांबून जरासं वाकायचे. पहिल्यांदा वाकले ते माझ्यापुढे. मी बनियनवर होतो.

माणूस आफ्रिकेतला. तिकडे मंत्री, मग दिल्लीत चार वर्षं राजदूत, मग सिमेंट कंपनीचे चेअरमन. सरकार उलटलं, पासपोर्ट रद्द झाला, तेव्हा इथे नर्स असलेल्या मुलीकडे आले. मी चौथीत दोनदा बसलेला, मुलाकडे आलेला. साहेबांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं, म्हणून आमचं जमलं.

"भाईसाब, प्रोटोकॉल!" हे त्यांचं पालुपद. दारातून आधी पाहुणा, चहा आधी पाहुण्याला. मी बशीत ओतून भुरका मारला की तेही बिचारे भुरका मारायचे.

दोन हजार चारच्या थंडीत तिकडे नवं सरकार आलं. पासपोर्ट परत मिळणार का, ते एम्बसीतून फोनवर कळणार होतं. साहेब आठवडाभर फोनपाशी. मी सोबतीला गेलो. सोफा पांढराशुभ्र, माझ्या पँटला भज्यांचं तेल. म्हणून मी आपली खाली मांडी घातली. चुकलंच! पाहुण्यापेक्षा उंच बसायचं नाही, हाही प्रोटोकॉल. साहेब सुटासकट खाली.

बाहेर बर्फ पडत होता, पिंजलेल्या कापसासारखा, सावकाश. साहेब त्यांच्या गावची नदी सांगत होते. मला वाटायला लागलं, गालिचा हळूहळू वाहतोय आणि आम्ही दोघं त्यावर बसून कुठंतरी चाललोय.

फोन वाजला.

"उठा, साहेब!"

"घुटना, भाईसाब!"

त्यांचे गुडघे गेलेले, माझ्या पायांना मुंग्या. शेवटी मीच रांगत गेलो. फोन उलटा धरून "येस, येस, साहेब सिटिंग डाउन" म्हणालो आणि वायर ओढत त्यांच्यापर्यंत आणला.

त्यांनी ऐकलं. "थँक यू" म्हणून ठेवला.

"मिळाला पासपोर्ट?"

"मिळाला."

"मग तोंड का पाडलंत?"

"जाईन, भाईसाब. तिकडे सगळे एक्सलन्सी म्हणतील. नावानं हाक मारणारी आई होती, भाऊ होता. दोघंही गेले."

दोन वर्षं शेजारी राहून मी त्यांचं नावच विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"किटो," साहेब लाजले.

मी घसा खाकरला आणि लांबच्या रानातल्या माणसाला मारतात तशी हाक मारली, "ए किटोऽऽ!"

साहेबांनी डोळे मिटून ओ दिली.