सगळ्यांना आवडलेलं पिंप

दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचा तळ काळा झाला आणि खोलीत धूर भरला, तेव्हा नाकवाले त्याच स्वयंपाकघरात, शेगडीच्या शेजारी, वर्तमानपत्र वाचत बसले होते. अक्षरं अंधुक दिसायला लागली म्हणून त्यांनी चष्मा पुसला. तरी अंधुकच, म्हणून पुन्हा पुसला. मग खोकला आला, आणि तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं.

गॅस बंद करून त्यांनी मोठा श्वास घेतला. काही नाही. लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. काही नाही. मग फिनेलची बाटली झाली, रॉकेलचा बोळा झाला, शेवटी पायातला मोजा काढून झाला. मोजाही गप्प.

नुकताच सर्दी-ताप येऊन गेला होता. ताप जाताना नाक घेऊन गेला आणि नाकामागोमाग जीभही गेली. तोंडात काहीही घाला, ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागे.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर तो चार लोकांना सांगत फिरला असता. नाकवाल्यांना ते शक्य नव्हतं. त्यांचं खरं नाव पोस्ट आणि वीज कंपनी सोडून सगळे विसरले होते. एके काळी त्या खोऱ्यात घरोघरी द्राक्षांच्या वेली होत्या आणि घरोघरी तळघरात वाइनची पिंपं. हंगामात जो तो नाकवाल्यांना बोलवायला यायचा. ते पिंपाचं बूच काढायचे, वाकून वास घ्यायचे आणि सांगायचे, "हिला अजून झोपू दे." किंवा, "ही आजारी आहे, वेगळी काढ." त्यावर कुणी प्रश्न विचारत नसे.

मग मोठा कारखाना आला. कारखान्याकडे प्रयोगशाळा होती. लोक द्राक्षं वजनावर घालून मोकळे होऊ लागले. पुढे उन्हाळे वाढले, द्राक्षं वेळेआधीच पिकून सुरकुतायला लागली, आणि कारखान्याने लांबून टँकरने रस आणायला सुरुवात केली. लोकांनी वेली उपटल्या आणि गोदामं बांधली. आता सगळ्या खोऱ्यात पत्र्याची छपरं चमकत होती आणि मधेच एक हिरवा तुकडा होता, तो नाकवाल्यांचा. नाकाला बोलावणं यायचं बंद झालं. बायको गेल्यावर तर घरात बोलणारं एकच माणूस उरलं आणि त्याचं म्हणणं ऐकणारंही तेच.

रविवारी मुलाचा फोन यायचा. या रविवारी तो म्हणाला, "बाबा, त्या हॉटेलवाल्यांच्या मॅडम कधी येणार?"

"महिनाअखेरीस."

"त्यांनी माल घेतला तर तुम्ही म्हणाल तसं. नाही घेतला तर बाग विकायची आणि तुम्ही इकडे यायचं. ठरलंय ना आपलं? नवव्या मजल्यावर हवा छान असते."

"खिडकी उघडते का?"

"एसी आहे, बाबा. खिडकी कशाला उघडायची?"

नाकवाल्यांनी फोन ठेवला आणि ते तळघरात उतरले. तिथे तीन पिंपं होती. सर्दी होण्याआधी त्यांनी तिन्हींचा वास घेतला होता. पहिली दोन उत्तम होती. तिसऱ्यात काहीतरी बारीक खुपलं होतं, आंबट पडायच्या वाटेवर असल्यासारखं. दोन दिवसांनी पुन्हा बघू, असं म्हणून त्यांनी बूच लावलं आणि दुसऱ्याच दिवशी अंथरूण धरलं. आता तिसरं पिंप चांगलं असेल तर तिन्ही एकत्र करायची होती, बिघडलं असेल तर ओतून द्यायचं होतं. ते ठरवायला एक नाक हवं होतं. स्वतःचं नाही तर दुसऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन फाटकावरून चालला होता. नाकवाल्यांनी हाक मारली, "अहो, आत या जरा!"

पोस्टमनने सायकल थांबवून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मी?"

"तुम्हीच. वाइन चाखून जा. तीन पेले आहेत, तिन्हींत काय फरक वाटतो ते सांगा. सहज आपलं."

पोस्टमन पहिला पेला प्यायला आणि म्हणाला, "छान." दुसरा प्यायला, "छान." तिसरा प्यायला, क्षणभर डोळे मिटले, आवंढा गिळला आणि म्हणाला, "हीसुद्धा छानच आहे हो, काका."

"तिसरी जरा वेगळी नाही वाटली?"

"वेगळी म्हणजे... जास्त छान."

नाकवाले बुचकळ्यात पडले. एका माणसाच्या नाकावर एवढा निर्णय घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलीकडच्या निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. त्यांना सगळे बाई म्हणत. आयुष्यभर मुलांच्या चुका काढलेली बाई, ती खरं बोलेल, असा त्यांचा हिशोब होता. बाईंनी तिसऱ्या पेल्यातला एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अंगी लागेल अशी आहे."

"म्हणजे चांगली?"

"औषधासारखी गुणकारी. उरलेली मी घरी नेऊ का? हळूहळू घेईन."

त्यानंतर गळका पाइप बघायच्या निमित्ताने प्लंबर आला. तो बोलायला मोकळा माणूस. तिसरा पेला त्याने एका दमात संपवला, भिंतीला हात टेकला आणि म्हणाला, "जबरदस्त! थेट आत पोचते!"

बातमी पसरली. संध्याकाळी पोस्टमन काम संपवून यायला लागला, बाई थर्मास घेऊन येऊ लागल्या, प्लंबर आपल्या मेहुण्याला घेऊन आला. गोदामाचा रखवालदार यायला लागला. ज्या घरात कपबशी एकच विसळली जायची तिथे पेल्यांची रास पडू लागली. मेहुणा गाणी म्हणायचा, बाई त्याचे शब्द सुधारायच्या. नाकवाले रोज ठरवत की आज नीट विचारायचं, आणि रोज कुणीतरी काहीतरी सांगत असायचं आणि विचारायचं राहून जायचं. विचारलं तरी उत्तर ठरलेलं. "छान!"

एक दिवस तळघरात उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पहिली दोन पिंपं बरीच रिकामी झाली आहेत. आता पिंपाचं एक असतं, ते काठोकाठ भरलेलं लागतं. वर मोकळी जागा राहिली की हवा शिरते, आणि हवा शिरली की वाइनचा सिरका व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे माल तपासता तपासता मालच बिघडायची वेळ आली होती. आणि हे सगळ्या खोऱ्याला ज्याने शिकवलं, तो माणूस जिन्यावर डोकं धरून बसला होता.

पाहुण्यांचं येणं बंद करणं हा एक उपाय होता. तो त्यांनी बाजूला ठेवला. दुसरा उपाय असा, की पहिल्या दोन्हींतली मोकळी जागा तिसऱ्या पिंपातून भरून काढायची. एवढी माणसं तिसऱ्याला छान म्हणतात, मग छानच असणार. पोस्टमनने तर जास्त छान म्हटलं होतं. त्यांनी नळी लावली आणि पहिली दोन काठोकाठ भरली. त्या दिवसापासून हे रोजचंच होऊन बसलं. संध्याकाळी ओतायचं, सकाळी भरायचं.

महिनाअखेरीस हॉटेलवाल्या मॅडम आल्या. नाकवाल्यांच्या नातीएवढी मुलगी, पण पावलं ठाम. ती नेमकी संध्याकाळी पोचली, तेव्हा सगळी मंडळी जमलेली होती. तिने पेला उचलताच मेहुण्याने गाणं आवरलं.

"फर्स्टक्लास आहे बरं का, मॅडम," पोस्टमन म्हणाला.

"आम्ही रोज घेतो," प्लंबर म्हणाला.

तिने पहिला घोट घेतला आणि लगेच बादलीत थुंकला. दुसरा घेतला, थुंकला. तिसऱ्याचा तिने नुसता वास घेतला आणि पेला लांब ठेवला.

"काका, ही तुम्ही स्वतः चाखलीये?"

"तुम्ही सांगा. तुम्ही काय ते सांगा."

"सगळी आंबलीये. वाइन नाहीच राहिली ही."

"तिन्ही पिंपं?"

"तिन्ही. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं."

नाकवाले खाली बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यांना रडावं की तिचे आभार मानावे ते कळेना, म्हणून त्यांनी आधी आभार मानले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मला वास येत नाही. तापापासून नाक गेलंय माझं. म्हणून तुम्हाला विचारत होतो."

कुणीही दचकलं नाही.

"ते पहिल्या दिवशीच कळलं आम्हाला," बाई म्हणाल्या. "नाक शाबूत असताना तुम्ही ते तिसरं कुणाला हुंगूसुद्धा दिलं नसतं."

"आणि तुम्ही थर्मास भरून नेत होतात!"

"नळ घासायला नेत होते. माझ्या मोरीतले नळ बघून जा एकदा. आरशासारखे झालेत."

प्लंबरने खिशातून ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "आम्ही पाळी लावली होती. आज माझी."

"मग बोलला का नाहीत कुणी?" नाकवाल्यांचा आवाज चढला. "माझी बाग जायची वेळ आली तुमच्या चांगुलपणापायी!"

पोस्टमन म्हणाला, "काका, तुम्हाला पत्र नसतंच कधी. मी रोज फाटकावरून सायकल पुढे काढतो आणि तुम्ही ओट्यावर उभे असता. मी दिसेनासा होईपर्यंत उभे असता. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा 'आत या' म्हणालात. त्यावर मी 'तुमची वाइन आंबलीये' म्हणू?"

मुलीने वही पिशवीत टाकली. दारात थांबून ती म्हणाली, "द्राक्ष चांगलं होतं, ते अजून कळतंय. वाट लागलीये ती तळघरात. पुढच्या वर्षी बोलवा. फक्त वास दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या." आणि मंडळींकडे बघून तिने भर घातली, "यांच्याकडून नको."

ती गेली. पाठोपाठ एकेक जण चपला शोधून निघाला. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. कोणत्या तोंडाने येणार? नाकवाल्यांनी पिंपं एकट्यानेच मोरीत ओतली. कडेला बसून ते बघत राहिले. सगळं वर्ष खळखळत चाललं होतं आणि त्याचा वाससुद्धा त्यांच्या वाट्याला येत नव्हता. संध्याकाळी त्यांनी सवयीने पेले मांडले आणि परत फळीवर ठेवले. घर पूर्वीइतकंच शांत होतं, फक्त आता ती शांतता ऐकू येत होती. बॅग काढून त्यांनी दोन सदरे भरले. तिसरा भरताना हात थांबला.

रविवारी दुपारी ते फाटकापर्यंत चालत गेले. प्लंबरच्या घरी गेले, बाईंच्या घरी गेले, पोस्टमनला त्याच्या अंगणात गाठलं. सगळीकडे एकच वाक्य बोलले. "संध्याकाळी या. वाइन नाही. भाज्यांचं सूप केलंय."

सगळे आले. नाकवाल्यांनी वाट्या भरल्या आणि उभे राहून म्हणाले, "आता मला हे सूप कसं झालंय ते सांगा. छान म्हणेल त्याने उठून घरी जायचं."

चमचे वाटीत फिरत राहिले. पोस्टमनने तोंड उघडलं, फाटकाकडे पाहिलं आणि मिटलं. शेवटी बाई म्हणाल्या, "मीठ घालायचं विसरलात."

"आणखी?"

"गाजर कच्चं आहे," प्लंबर म्हणाला.

"सूप कसलं, भांडी विसळलेलं पाणी आहे हे," मेहुणा म्हणाला.

"आणखी! थांबू नका!"

"काका, राग मानू नका," पोस्टमन म्हणाला, "पण तो स्वेटर धुवायला टाका हो. महिनाभर आम्ही वाइनला नाही घाबरलो इतके त्याला घाबरतोय."

"फ्रिजमध्येसुद्धा काहीतरी मेलंय," रखवालदार म्हणाला. "मी इथे आलो की खिडकीजवळ बसतो ते काय उगाच?"

मग काही धरबंध राहिला नाही. घराच्या, फ्रिजच्या, उशीच्या अभ्र्यांच्या, एकेक गोष्टी बाहेर पडू लागल्या. बाईंनी तर क्रम लावून द्यायला सुरुवात केली. नाकवाले मान डोलवत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मॅडमनी माल घेतला नाही ना? मग मी शनिवारी गाडी घेऊन येतो. सामान आवरून ठेवा."

"शनिवारी नको. पुढच्या हंगामानंतर बोलू. छाटणी व्हायचीय अजून."

"अहो, पण एकटे कसे..."

"फोन ठेव आता. इथे लोक मला नावं ठेवतायत."

"लोक?" मुलगा गोंधळून म्हणाला. "कोण लोक, बाबा?"

नाकवाल्यांनी फोन टेबलावर वाट्यांच्या मधोमध ठेवला. बाई उशीवरून आता पडद्यांवर आल्या होत्या.