कंडक्टरमामांचा जानेवारी

कीबोर्डच्या दुकानात गेलेला माणूस गाण्याची एखादी ओळ वाजवून बघतो. यशवंतमामा कांबळे ओळ कधीच वाजवत नाहीत. ते बाजाच्या डाव्या टोकाला उभे राहतात, तालवाद्यांचं बटण दाबतात आणि पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक पट्टी एकदाच दाबत जातात. ते बटण दाबलं की प्रत्येक पट्टीतून वेगळं वाद्य वाजतं. कुठे ढोल, कुठे तबल्याचा डग्गा, कुठे टाळी, कुठे घुंगरू. आवाज आला की मामा मान हलवतात आणि पुढची पट्टी दाबतात. मागच्या सीटपासून तिकिटं तपासत पुढे यावं, तसं. शेवटच्या पट्टीशी पोचले की हात पुसतात आणि म्हणतात, "न्हाय. ह्या गाडीतबी न्हाय."

दुकानाचे मालक शिरीषभाऊ दरवेळी कळवळून म्हणायचे, "अहो मामा, गाणं वाजवा की एखादं! आमच्या गिऱ्हाइकाला वाटतंय बाजा बिघडलाय."

"गाणं माझं मला येतंय. बाजाला काय येतंय ते बघायला आलोय," असं म्हणून मामा बाहेर पडायचे.

मामा एस.टी.त कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं कोल्हापूर-गडहिंग्लज फेरीवर गेली. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण बोलण्यातली एस.टी. गेलेली नाही. पाहुणा दारात घुटमळला तर "पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणतात. मला ते "बीए" म्हणतात. मी मुरगूडकडून कॉलेजसाठी कोल्हापूरला आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. निकाल लागला तेव्हा मी घरी कळवायच्या आधी मामांनी गल्लीत पेढे वाटले होते आणि त्या दिवसापासून माझं नाव बीए पडलं. आता मी शाळेत शिकवतो, राहतो त्याच खोलीत, तरी बीएच आहे.

मामा एका गायन पार्टीत कीबोर्ड वाजवतात. जयंतीच्या दिवसांत पार्टीला एकही संध्याकाळ मोकळी नसते. त्यांच्या जुन्या बाजाची एक काळी पट्टी कधीच मेली आहे आणि एक पांढरी दाबली की वर येत नाही. म्हणून पार्टीतले सगळे गायक अर्धा सूर चढवून गातात. वर्षानुवर्षं चढवून गाऊन त्यांना आता तोच सूर खरा वाटतो. दुसऱ्या पार्टीत गायला गेले की त्यांना तिथला बाजा उतरलेला वाटतो.

"मामा, नवीन घ्या की आता," पार्टीतली मंडळी विनवायची.

"थांबा. येतंय. गाडी सुटलीया, स्टँडवर लागायची हाय."

ही गाडी म्हणजे जानेवारी. जानेवारीत अमेरिकेत वाद्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. जगातल्या कंपन्या आपले नवे सिंथेसायझर आणि कीबोर्ड तिथे मांडतात. मामांना त्याची चाहूल दिवाळीपासून लागते. कुठे नव्या बाजाचा फोटो फुटला, कुठल्या कंपनीने जुन्या मॉडेलची किंमत उतरवली, त्यावरून ते अंदाज बांधतात. फोटोत बाजाचा एक कोपरा दिसत असला तरी त्यावरून कुठलं बटण कुठे असेल हे ते सांगतात आणि ते पाठही करून ठेवतात. त्या दिवसांत गल्लीतल्या कुणीही बाजा घ्यायचा नाही असा त्यांचा दंडक आहे. कोपऱ्यावरच्या सुताराच्या पोरीला बक्षिसाच्या पैशांतून कीबोर्ड घ्यायचा होता, तर मामा तिच्या बापाच्या दुकानात जाऊन बसले. "मुहूर्त न्हाय. आत्ता घेतलासा तर दोन महिन्यांत जुना हुईल." लोक पौषात लग्नं करत नाहीत, तसं हे. गल्लीत त्याला "मामांचा पौष" असंच नाव पडलं आहे.

प्रदर्शनाचे व्हिडिओ आले की मामा इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसतात. कोट घातलेला गोरा माणूस पियानो वाजवून दाखवायला लागला की मामा पडद्याला म्हणतात, "पावणं, ते ऱ्हाऊ द्या. खाली ताल काय काय दिलाय ते सांगा." तो सांगत नाही. मग मामा महिना-दोन महिने बाजा कोल्हापुरात यायची वाट बघतात आणि शिरीषभाऊंच्या दुकानात जाऊन पट्ट्या तपासतात. न्हाय. मग पुढचा जानेवारी.

ते शोधत होते ती हलगी.

हे मला निकाल लागला त्याच वर्षी कळलं, कारण कंपन्यांना ई-मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. "बीए, इंग्रजी काढ बाहीर." पदवी मिळाली तरी माझं इंग्रजी तोवर उत्तरपत्रिकेबाहेर पडलं नव्हतं. ते पहिल्यांदा पडलं ते जपानच्या एका कंपनीला, 'आदरणीय महोदय, आपल्या पुढील वाद्यात कृपया हलगीचा समावेश करावा,' हे सांगायला. आता हलगी म्हणजे काय ते त्यांना कळायला हवं. मी लिहिलं, गोल कड्यावर चामडं ताणलेलं वाद्य, जाळावर शेकून वाजवतात, दोन काड्या लागतात. आवाजाबद्दल मी 'हॅपी' असं लिहिलं.

"हॅपी म्हंजे?"

"आनंदी, मामा."

मामांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, "आनंदी नको. लांबपातूर ऐकू जाणारा, येवढंच लिही."

मी तसं लिहिलं. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं, की आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे उत्तर माणसाने पाठवलेलं नसतं, यंत्र पाठवतं, असं मी मामांना सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "यंत्र तर यंत्र. महत्त्वाचा हाय म्हणतंय न्हवं? आमच्या डेपोत अर्ज दिला तर येवढंबी कोण म्हणत न्हवतं." पुढे दर दिवाळीनंतर आम्ही तो मेल पाठवत राहिलो.

मामांच्या घरात त्यांचे वडील आहेत, आबा. वय ऐंशीच्या पुढे. सकाळी अंगणात लोखंडी कॉटवर उन्हाला बसतात. फार बोलत नाहीत. पण मी वरून अभ्यास करताना बघायचो, त्यांची बोटं कॉटच्या कडेवर चाललेली असायची. सावकाश सुरुवात व्हायची, मग वेग यायचा, मधेच एक ठोका मुद्दाम सोडलेला. मला तालातलं कळत नाही, तरी तो सोडलेला ठोका मला ऐकू यायचा. कुणी बघतंय असं वाटलं की आबा हात शालीत घ्यायचे.

गेल्या थंडीत आबा न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण ते बसायचे कमी झाले आणि पडून राहायला लागले. मामा औषधं घेऊन आले की त्यांच्याजवळ बसून त्यांच्या हाताकडे बघत राहायचे. एकदा जिन्यात मला म्हणाले, "बीए, बोटं कमी हालायला लागलीत." तेव्हा मला त्याचा अर्थ नीटसा लागला नाही.

त्या जानेवारीत एका बाजाची फार चर्चा होती. त्याला उजव्या अंगाला रबराची आठ चौकोनी बटणं होती, बोटांनी ताल वाजवायला. मामा हरखले. "बोटांनी वाजवायचं! काडी नको, कायबी नको. बीए, ह्या गाडीत असणार." बाजा कोल्हापुरात लागला त्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो.

मामांनी पट्ट्या तपासल्या. मग आठही बटणं तपासली. शेवटचं बटण दाबून बोट तसंच ठेवलं. तो कसलातरी परदेशी डफ होता.

शिरीषभाऊंनाही वाईट वाटलं असावं. मनात काही न ठेवता ते म्हणाले, "मामा, किती वर्षं घालवताय ह्यात? हलगीच पायजे ना? खरीच घेऊन जावा की. वाद्यांच्या गल्लीत मिळती."

मामा बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. ते समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या बाकावर बसले. चहा आला, निवायला लागला. मी विचारलं, "मामा, खरंच, आपण हलगी का नाही घेतली?"

"आमच्या घरात हलगी येत न्हाय, बीए."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा आजा गडहिंग्लजकडच्या गावात हलगी वाजवायचा. आवडीने नव्हे, ते गावाने लावून दिलेलं काम होतं. कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाची दवंडी, बोलावणं आलं की जायचं, दाराबाहेर उभं राहायचं आणि वाजवायचं. आबा तेव्हा पोरवयातले होते, बापाच्या शेजारी उभे राहून वाजवायचे. हात नुकता बसला होता. मग घरादाराने धम्माची दीक्षा घेतली. घरी आल्यावर आज्याने हलगी रोजच्यासारखी जाळावर धरली. रोज शेकून काढायचा, त्या दिवशी काढली नाही. तिथेच सोडली. म्हणाला, ह्या घरात ही परत यायची न्हाय.

"आबांनी शब्द पाळला. गवंडीकाम केलं, आमाला शिकीवलं. हलगीला हात लावला न्हाय. पर आई सांगायची, ह्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत न्हवता. मी कधी ऐकलाच न्हाय तो. नुसती बोटं बघितली, कॉटवर." मामांनी कप खाली ठेवला. "चामड्याची आणली तर आज्याचा शब्द मोडतोय. पर बाजात आली तर? पियानो, गिटार, तबला, सगळे रांगेत बसल्यात बघ. त्या रांगेत तिला सीट असंल. दाराभाईर उभी ऱ्हाऊन न्हाय, बसून येईल घरात. मग आबास्नी वाजवता येईल. शब्दबी ऱ्हाईल."

जे सुचलं ते मी बोललो. "मामा, त्या बटणात आपल्याला पाहिजे तो आवाज भरता येतो असं शिरीषभाऊ सांगत होते. कंपनी फक्त गाडी बांधते. तिकीट कंडक्टरने द्यायचं असतं ना?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बीए," म्हणाले, "तुझ्या बापानं फी वाया घालवली न्हाय." आणि उठून परत दुकानात गेले, बाजा घेतला. पार्टीतल्या मंडळींना फोन केला, की गाडी लागली. त्यांचा विश्वास बसेना.

आवाज घ्यायला आम्ही मुरगूडला गेलो. तिथल्या एका हलगी पथकात एक मुलगी आहे, दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला असते. मैदानात तिने जाळ करून हलगी शेकली आणि वाजवली. मामा आधी लांबच उभे होते. मग जवळ गेले आणि विचारलं, "पोरी, कुणाच्या सांगण्यावरनं वाजवतीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कुणाच्या म्हंजे? माझी हलगी हाय, मामा."

"मग भर," मामा मला म्हणाले. मी रेकॉर्डर पुढे धरला. एकेक ठोका सुटा घेतला. मोकळा, दाबलेला, कडेवरचा, काडीचा.

ते ठोके बटणांत भरून रविवारी सकाळी बाजा आबांच्या कॉटवर ठेवला. मामांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि त्यांचा उजवा हात त्या आठ बटणांवर ठेवला. काही सांगितलं नाही. आवाज त्यांनी अगदी बारीक ठेवला होता.

आबांचं बोट पडलं. कड्, असा हलका आवाज आला.

आबांनी हात उचलून शालीत घेतला. मामांचा चेहरा उतरला. आबा बाजाकडे बघत होते. त्याला चामडं नव्हतं, काडी नव्हती. मग त्यांनी मामांकडे बघितलं आणि विचारलं,

"कुणाच्या दारात वाजवायचंय?"

"कुणाच्या न्हाय आबा," मामा म्हणाले. "आपल्याच घरात. आतच."

आबांनी विचार केला. हात शालीतून बाहेर आला. एक बटण, मग दुसरं. बोटं एक-दोनदा घसरली. मग सावकाश तो ताल सुरू झाला, जो मी वरून बघत आलो होतो. त्यातला सोडलेला ठोका बरोबर जागेवर सुटला. मामा कॉटचा दांडा धरून उभे होते, चालत्या गाडीत उभे राहावं तसे.

आबा वाजवता वाजवताच म्हणाले, "मग आवाज वाढीव की."

मामा वाकले. ह्या बाजाचं प्रत्येक बटण त्यांना पहिला फोटो फुटल्यापासून पाठ होतं. त्यांचा हात पट्ट्यांवरून, बटणांवरून फिरत राहिला, पण आवाजाचं बटण काही त्यांना सापडेना.

शेवटी आवाज मी वाढवला.