चीकवाल्या सुमनताई

त्या दिवशी घरात मी होते, माझी सून रेखा होती, शेजारची हिराबाई होती, आन दारात चपलेसकट हुभ्या सुमनताई.

सुमनताई कोपरखैरन्यात आमच्याच मजल्यावर एकट्या ऱ्हात्यात. औषधाच्या लॅबमधी नोकरी केलेली बाई. कुनाला 'जेवलात का' इचारत न्हाईत. 'आज काय गिळलंत?' इचारत्यात. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापालाबी हेच इचारलं. तो म्हनला, "अजून वाढलं कुठं?"

तर त्या दिवशी वटपौर्णिमा. पूजेच्या गऱ्यांसाठी हिराबाई विळीवर फणस कापत हुती. मला ताप. मार्केटात कांदा निवडून गुडघे गेलेले, तेबी ठनकत हुते. तीन दिवस अन्न गेलं न्हवतं, वर उपास. पन पडून ऱ्हायची सवय न्हाई मला.

"मावशी, काय गिळलंत?"

"माझी तापाची गोळी, रेखाची सर्दीची, हिराबाईची अंगदुखीची. तिन्ही, तीन-तीन टाइम." आमच्याकडं गोळ्या लोनच्यावानी घरोघर फिरत्यात.

ताईंनी पाकिटं बघितली. "नावं तीन, आत औषध एकच."

"झालं, बाईंचं कॉलेज सुरू," हिराबाई म्हनली. "सनाला तरी गप बसा."

"हिरा, हाताला तेल का लावलंस?"

"चीक चिकटतो म्हनून. तुमाला फनस ठाव नाय?"

"तेच. ही तापाची गोळी लिव्हरमध्ये मोडली की थोडा विषारी चीक निघतो. लिव्हरचं स्वतःचं तेल असतं, ते चिकाला धरून बाहेर काढतं. मावशींनी चीक तिप्पट केला आणि उपाशी राहून तेल संपवलं. आता तो चीक लिव्हरच्या प्रोटीनलाच चिकटणार. मग लिव्हर मरतं. रेखा, रिक्षा बघ."

"आन पूजा?" मी इचारलं.

"वड कुठं जात नाही."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. लिव्हरला मार लागलाच हुता. डॉक्टर म्हनला, अजून उशीर केला असता तर आजी गेल्या असत्या. सलाईनमधनं लिव्हरचं औषध सोडलं. ताई उशाशी बसून म्हनल्या, "हे तुमचं तेल."

वाचले मी. आता कुनी खारघरच्या टॉवरची मिजास दाखवली की मी सांगते, आमच्या मजल्यावर सुमनताई हायेत. हिराबाई तर सगळ्या कोपरखैरन्याला चीक समजावत फिरती.

गनपतीच्या आधी ताईंचं दार दोन दिवस उघडलं न्हाई. मी वाजवलं. ताई दारात आल्या, डोळे लाल, अंग तापलेलं.

"काय गिळलंत?" मी इचारलं.

"एकच गोळी, मावशी. काल." मग चौकटीला धरून ताई हळूच म्हनल्या, "आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं."

"आन जेवन?"

ताईंनी न्हाई म्हनून मान हलवली. मी घरातनं मऊ भात आनला, वर तुपाची धार सोडली. "हे तुमचं तेल," म्हनलं. सगळा खाल्ला त्यांनी, पोरीवानी.

वाचनाऱ्यांनो, एवढं करा. तुमच्या मजल्यावर कुनी एकटं ऱ्हात असंल, तर दार वाजवा. काय गिळलं ते इचारा. जेवलं का, तेबी इचारा.