मैनेसाठी बंद

"उद्यापासून बंद!" ताटावरून उठता उठता अध्यक्षांनी जाहीर केलं.

"काय बंद? दूध?" बायकोनं विचारलं.

"गट! 'गळती निवारण' कडकडीत बंद! एक माणूस आत येणार नाही की एक प्रश्न विचारला जाणार नाही. कळू दे कंपनीला आमची ताकद!"

अध्यक्ष म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. विम्याच्या ऑफिसात ते लोकांचे दावे तपासत, आणि डोक्यावरचा पंखा कुरकुरतो एवढं साहेबांना सांगायची त्यांची आजवर छाती झाली नव्हती. पण इंटरनेटवरच्या एका मोठ्या साइटवर, गळके नळ, ओल्या भिंती आणि ठिबकणाऱ्या टाक्या यांनी त्रासलेल्या माणसांचा एक गट होता. त्याची देखरेख हे करायचे. भांडणं सोडवायची, शिव्या पुसायच्या, तोच तोच प्रश्न विचारणाऱ्याला जुनं उत्तर दाखवायचं, आणि हे सगळं फुकट. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या या नवऱ्याला 'अध्यक्ष' ही पदवी बायकोनंच दिली होती.

बंदला कारण होती आई. आईची दृष्टी गेली तेव्हापासून तिचा सगळा दिवस मैनेवर चालायचा. मैना म्हणजे एका एकट्या तरुणानं घरी बसून बनवलेलं अॅप. साइटवरचं सगळं ते गोड आवाजात वाचून दाखवायचं, आणि आपण बोललेलं तिथे लिहायचंसुद्धा. सकाळी दात घासले की आई मैना सुरू करायची आणि अख्ख्या जगाची गळती ऐकत बसायची. कुणाचा नळ दुरुस्त झाला की तिचा चेहरा खुलायचा.

आणि आता साइटच्या मालक कंपनीनं नवा नियम काढला होता. बाहेरच्या अॅपवाल्यांनी यापुढे साइटचा मजकूर वापरायचे पैसे मोजावेत, आणि ते इतके की मैनावाला घरदार विकूनही पुरा पडला नसता. महिनाअखेर मैना बंद, असं त्यानं कळवून टाकलं. ते ऐकल्यापासून आई फोन उशाशी घेऊन झोपायला लागली.

"पण आईंना विचारलंत का?" बायकोनं भांडी आवरता आवरता विचारलं.

"विचारायचंय काय त्यात? आईसाठीच तर चाललंय!"

आणखी कितीतरी गट संपात उतरले होते. अध्यक्षांनी गटाच्या दारावर जाहीरनामा लावला, 'मैना वाचेपर्यंत कुलूप निघणार नाही. मी स्वतःही आत पाऊल टाकणार नाही.' दुसरं वाक्य जोशात लिहिलं गेलं. तिथेच पाय घसरला.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून आले, तर आई खिडकीपाशी फोन हातात धरून बसलेली आणि मैना गोड आवाजात सांगत होती, "ही जागा बंद आहे. ही जागा बंद आहे."

"आई, हे तुझ्यासाठीच हं," अध्यक्ष म्हणाले.

"हो का?" आई म्हणाली आणि तिनं फोन खाली ठेवला.

संपाला लोकांचा पाठिंबा जबरदस्त होता. म्हणजे असं की, गटातल्या लोकांनी 'गट बंद का?' नावाचा दुसरा गट काढला आणि पहिल्या तासाभरातच तिथे एकमेकांना नळ कसा दुरुस्त करायचा ते विचारायला लागले. अध्यक्षांनी हताश होऊन मैनावाल्याला फोन लावला. निदान त्याला तरी धीर द्यावा!

"आम्ही तुमच्यासाठी लढतोय!" ते गहिवरून म्हणाले.

"अरे वा, आभारी आहे," पलीकडून थकलेला आवाज आला. "पण खरं सांगू का साहेब, मी आता नोकरी बघतोय. तुमच्या ऑफिसात आहे का काही?"

त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या न्हाणीघरातला नळ गेला. साधासुधा नाही, भिंतीतून गेला. आधी थेंब, मग धार. एक बादली लावली, दुसरी लावली, तिसरी आणायला गेले तोवर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ डोक्याला टॉवेल बांधून वर आले. आपल्या दिवाणखान्याच्या छताला काय झालंय ते त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि त्यातलं काही अध्यक्षांच्या आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

प्लंबर आला. त्यानं नळ ठोकून पाहिला, कान लावून ऐकला, मान हलवली.

"जुनी बनावट आहे साहेब. हिची खोच, म्हणजे ही खोलायची जागा, कुठे असते ते आम्हालाही ठाऊक नाही. जोर लावला तर भिंतीसकट येईल."

"मग असं अडलं की काय करता?"

"एक गळतीचा गट आहे फोनवर. तिथे सगळं मिळतं, फोटोसकट. पण कुणा शहाण्यानं कुलूप घालून ठेवलंय त्याला! सापडू दे एकदा, पान्यानंच सरळ करतो."

बायकोनं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी बादलीकडे पाहिलं.

प्लंबर मुख्य नळ बंद करून गेला. आता घरात पाणीच नाही. शेवटी अध्यक्ष जिन्यात जाऊन उभे राहिले, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्याच गटात शिरले. देखरेख करणाऱ्याला कुलूप आडवं येत नाही. फक्त तो फोटो पाहायचा आणि बाहेर पडायचं, असा बेत. पण आत शिरलेल्या माणसाच्या नावापुढे साइट सगळ्यांना दिसेल असा हिरवा ठिपका लावते, हे ते गडबडीत विसरले. फोटो सापडायच्या आत 'गट बंद का?'वर बोंबाबोंब झाली. 'देखरेखवाले आत आहेत!' 'आम्ही बाहेर उन्हात आणि हे आत!' एकानं तर लिहिलं, 'नळ फुटला तसा नेताही फुटला.' अध्यक्ष घाबरून बाहेर पळाले. फोटोही गेला आणि अब्रूही गेली.

या सगळ्यात कंपनीनं काय केलं? काहीही नाही. आणि मग एके दिवशी एक गोड निवेदन आलं की, समाजाच्या सोयीसाठी बंद गट उघडायला जो तयार असेल त्याला देखरेखीचं काम देण्यात येईल. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता अध्यक्षांच्या फोनवर दोन ओळी आल्या. त्यांना देखरेखीच्या कामावरून काढलं होतं, आणि गटातूनही. जिथे पगार नव्हता तिथूनही बडतर्फ होणारा त्यांच्या घराण्यातला हा पहिलाच माणूस.

"माझ्या जागी बसलेला हा हरामखोर आहे तरी कोण?" अध्यक्ष स्वयंपाकघरात येरझारा घालत ओरडले. "नाव काय, तर म्हणे 'तिसरी बादली'! नक्की कंपनीचा हेर असणार! आई, तू बघ, असल्या फितुरांमुळेच तुझी मैना जाणार!"

"असेल बाबा," आई म्हणाली.

बायकोला एकाएकी खोकला आला आणि ती बाहेर गेली.

गट उघडल्याबरोबर प्लंबर हसतमुखानं हजर झाला. अर्ध्या तासात गळती बंद. "कोण ती 'तिसरी बादली' आहे ना साहेब, देवमाणूस आहे! विचारल्या विचारल्या उत्तर. आधीचा तो एक नुसता…"

"किती झाले तुमचे?" अध्यक्षांनी विचारलं.

महिना संपला. संप केव्हाच विरला होता, सगळे गट मुकाट्यानं उघडले होते. त्या दिवशी अध्यक्ष घरी आले तेव्हा घर अगदी गप्प होतं. आई खिडकीपाशी बसली होती. मैना गेली होती. आईनं फोन पुढे केला.

"वाच," ती म्हणाली.

"काय वाचू?"

"गट. तुझी बायको दिवसभर वाचून दमली. आता तू वाच."

अध्यक्षांनी फोन घेतला. वर कोपऱ्यात हिरवा ठिपका होता आणि त्याच्यापुढे नाव होतं, तिसरी बादली.

"आई… तू?"

"सूनबाईनंच खातं काढून दिलं होतं. मी आपली मैनेला सांगायची, ती लिहायची."

"पण का? मी तुझ्यासाठी एवढं…"

"अरे, मैना जाणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कंपनी काय तुझ्या-माझ्यासाठी वाकते होय? म्हटलं, आहे तोवर मन भरून ऐकून घेऊ. शेवटचे थोडे दिवस होते रे तिचे. आणि नेमकं तेवढ्यातच तू कुलूप घातलंस."

"मला सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कधी?"

अध्यक्ष खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. मग आई म्हणाली, "वाच."

त्यांनी खाकरून वाचायला सुरुवात केली. "'बादलीताई, जुन्या देखरेखवाल्याला हाकललंत ते फार बरं झालं. नुसता… नुसता…'"

"थांबलास का? मैना थांबत नसे."

"'नुसता दगड होता. आणि पळपुटा.'"

"लिही," आई म्हणाली. "दगड नाही. मनानं चांगला आहे. विचारत नाही, एवढंच."

अध्यक्षांनी ते शब्दन् शब्द लिहिलं. मग हळूच म्हणाले, "आई, मला परत आत घे ना गटात."

"बघू," आई म्हणाली. "आधी पुढचं वाच. आणि जरा गोड आवाजात."