पाणमांजरांची सोय

अणुवीज केंद्राच्या प्रमुखांनी पर्यावरण अधिकाऱ्याला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. त्या खोलीचं दार बदली, बढती आणि भानगड यांच्यासाठीच लागत असे. बढतीचा काही संबंध नव्हता, त्यामुळे पर्यावरण अधिकारी उभेच राहिले.

त्यांना सगळे हिरवे साहेब म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण पर्यावरण विभाग उघडला तेव्हा भांडारात उरलेला हिरवा रंग त्याच्या दाराला फासला गेला आणि तो साहेबांनाही चिकटला. त्याआधी ते भांडारातच होते. पाइप, नट आणि बोल्ट यांच्याशी त्यांचं उत्तम जमे, कारण या वस्तू ठेवल्या जागी राहतात. जी वस्तू आपण होऊन हलते तिच्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. घरात पाल दिसली की ते बाहेरच्या खोलीत जाऊन बायकोला हाक मारत.

"कालव्यात काय दिसलंय म्हणे?" प्रमुखांनी विचारलं.

"पाणमांजरं, साहेब. जोडी आहे."

"मांजरं पाण्यात काय करतायत?"

"मांजरं नव्हेत, साहेब. पाणमांजरं. मुंगसाच्या थोरल्या भावासारखी दिसतात. यंत्रं थंड करून आपण कोमट पाणी सोडतो ना, त्यात मासे जमतात. माशांच्या मागे ही आली."

"संरक्षित आहेत?"

"अगदी."

प्रमुखांनी डोळे मिटून घेतले. केंद्राचा परवाना संपत आला होता. नूतनीकरणाआधी आसपासच्या संरक्षित प्राण्यांची पाहणी करायला नियामक मंडळाच्या तज्ज्ञ बाई पुढच्या महिन्यात येणार होत्या.

"प्राणी सापडला की चौकशी, चौकशी लागली की तारखा, आणि तारखा पडत गेल्या की परवाना गेलाच म्हणून समजा. केंद्र बंद पडलं तर वसाहतीतली निम्मी माणसं घरी बसतील. सगळ्यात आधी कोण बसेल, ते मी सांगायला नको."

"मग काय करायचं, साहेब?"

"बघा तुम्ही," प्रमुख म्हणाले.

हा केंद्रातला सर्वांत कडक हुकूम होता. काम झालं तर तो साहेबांनी दिलेला असे आणि अंगाशी आलं तर कुणीच दिलेला नसे.

हिरवे साहेबांनी कायदा काढून वाचला. संरक्षित प्राण्याला पकडणं, मारणं, हुसकावणं, नुसतं दचकवणंसुद्धा गुन्हा होता. आदर करायला मात्र हरकत नव्हती. अशा स्थितीत ते घरी जेवायला बसले आणि भाताकडे बघत बायकोला म्हणाले,

"एखादा पाहुणा घरातून हलतच नसेल, तर काय करावं?"

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. आतल्या खोलीत तिचा धाकटा भाऊ झोपला होता. नोकरी शोधायला म्हणून आला होता आणि नोकरीला आपला पत्ता लागू नये एवढी काळजी घेत होता.

"जड झाला का माझा भाऊ?"

"अगं, मी त्याच्याबद्दल नाही..."

"मग दुसरं कोण राहतंय इथं? सरळ सांगा ना! पाहुणा खायला मिळतं म्हणून राहतो. दुसरीकडे याहून चांगलं मिळालं तर जाईल आपल्या पायांनी. करा त्याची सोय तिकडे, घाला त्याच्या पुढ्यात रोजचं रोज, आणि मोकळे व्हा!"

हिरवे साहेबांनी घास खाली ठेवला. "वा!" ते म्हणाले. "हे मला कसं सुचलं नाही?"

बायको दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून हिरवे साहेब उजाडायच्या सुमारास पिशवीभर ताजे मासे घेऊन निघू लागले. आधी मासे कालव्याच्या तोंडाशी ठेवले, मग जरा पुढे, मग नदीकाठाने आणखी पुढे. मनात हिशेब साधा होता. मासे पुढे, मागून पाणमांजरं, आणि केंद्राच्या हद्दीचं कुंपण ओलांडलं की कालवा रिकामा. पहिल्या दिवशी ते मासे ठेवून पळत परत आले. चौथ्या-पाचव्या दिवशी ते झुडपाआडून बघत उभे राहिले. पाणमांजर मासा दोन्ही हातांत धरून खातं, मधेच मान वर करून इकडेतिकडे बघतं आणि मग पुन्हा खातं. उपाहारगृहात प्रमुखही असंच खात, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

जोडी हलली. पण अणुवीज केंद्राच्या कुंपणापाशी रोज पहाटे एक माणूस वाकून येतो, पिशवीतून काहीतरी काढून दगडांत ठेवतो आणि मागे बघत निघून जातो, ही गोष्ट फक्त पाणमांजरांच्याच नजरेला पडेल असं नव्हतं.

"हलू नका! पिशवी खाली ठेवा!"

हिरवे साहेबांनी पिशवी टाकली आणि हात वर केले. चार रक्षक जमिनीवर पालथे पडले. पाचव्याने लांब काठीने पिशवीचं तोंड उघडलं. पिशवीत काहीतरी तडफडलं. पाचवाही पालथा पडला.

थोड्याच वेळात ते सुरक्षाप्रमुखांसमोर बसले होते. सुरक्षाप्रमुख माणूस दणकट, आवाज त्याहून दणकट.

"पिशवीत मासे कशाला?"

"खायला."

"तुम्ही नदीकाठी बसून कच्चे मासे खाता?"

"मी नाही. घालतो."

"कुणाला?"

इथे हिरवे साहेब अडकले. पाणमांजर म्हणावं तर गोष्ट बाहेर फुटणार. खोटं बोलावं तर समोर सुरक्षाप्रमुख. शेवटी त्यांनी 'पाण' गिळलं आणि उरलेलं खरं सांगितलं.

"मांजरांना."

सुरक्षाप्रमुख उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी हिरवे साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. "माझ्याकडे तीन आहेत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मंडळी ठेवू देत नाही म्हणते. साहेब, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मुक्या जिवांचं चाललंय."

संध्याकाळपर्यंत वसाहतीत बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवे साहेबांच्या दारात खोक्यात मांजराची दोन पिल्लं होती. तिसऱ्या दिवशी आणखी एक टोपली. कुणीतरी एक म्हातारा एकाक्ष बोका पायरीला बांधून 'फार गुणी आहे' असा निरोप शेजाऱ्यांकडे ठेवून गेलं.

बायको आता बोलू लागली होती. "रोज उजाडत मासे घेऊन जाता, अंगाला वास घेऊन येता. मी गप्प बसले. पलीकडची म्हणाली, 'वहिनी, साहेब नदीपलीकडे कुणाकडे तरी जातात हो.' तरी गप्प बसले. म्हटलं, या वयात यांच्याकडून मासे घेऊन यांना दारात उभं करणारी कोण भेटायची! पण हा बोका माझ्या घरात कशासाठी?"

"ऑफिसचं काम आहे," हिरवे साहेब म्हणाले.

"बोका?"

"गुप्त आहे. विचारू नकोस."

बायकोने बोक्याकडे पाहिलं. बोक्याने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. गुप्तता त्याच्या चेहऱ्यावर तरी होती.

एवढं सगळं सोसलं, पण काम फत्ते झालं. तज्ज्ञ बाई आल्या तेव्हा कालवा अगदी स्वच्छ होता. बाई सडपातळ, पिकल्या केसांच्या, गळ्यात दुर्बीण आणि पायांत गुडघाभर बूट. आठवडाभर त्या कालव्याच्या काठाने फिरल्या, चिखलात ओणव्या झाल्या, दगड हुंगले. पाणमांजराची शेपटीसुद्धा दिसली नाही. प्रमुखांनी दोनदा हिरवे साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. आठवड्याच्या शेवटी प्रमुखांच्या खोलीत तिघांसाठी चहा आला, बिस्किटं आली आणि या वेळी दार उघडं राहिलं.

"एकूण काही सापडलं नाही म्हणायचं," प्रमुख हात चोळत म्हणाले.

"काहीच नाही. फार वाईट वाटलं," बाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला परवान्याच्या वेळी मीच आले होते. तेव्हा इथं पाणमांजरं होती. या डोळ्यांनी पाहिलीत. तुमच्या कोमट पाण्यामुळे थंडीतही मासे टिकतात, म्हणून ती राहायची. मी तर ठरवूनच आले होते, की या पाण्यावर पाणमांजरं जगतायत, ते एकदम थांबवू नये, सबब परवाना वाढवून द्यावा, असं लिहायचं."

प्रमुखांचं बिस्किट चहात पडलं.

"आता मात्र प्रश्न पडलाय," बाई शांतपणे पुढे म्हणाल्या. "मासे आहेत, झाडी आहे, बिळं आहेत. मग प्राणी गेले कुठं? पाण्यातच काहीतरी बिघडलं असणार. पाण्याची सगळी तपासणी होईपर्यंत परवाना थांबवा, असंच मला लिहावं लागेल. आणखी चार दिवस आहे मी. बघते."

बाई बाहेर पडताच प्रमुखांनी स्वतः उठून दार लावलं.

"हिरवे, कुठं आहेत ती?"

"कुंपणापलीकडे, साहेब. नदीच्या वरच्या अंगाला. मजेत आहेत."

"कुणी नेली?"

"आपण म्हणालात, बघा तुम्ही."

"मी बघा म्हणालो! हलवा कुठं म्हणालो?" प्रमुख खुर्चीत कोसळले. "असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तो हा! आता आणा परत. चार दिवसांत."

"पण कशी आणू, साहेब?"

"बघा तुम्ही."

आता तीच वाट उलटी चालायची होती. मासे नदीच्या वरच्या अंगाला, मग कुंपणाजवळ, मग कालव्याच्या दिशेने. सुरक्षेचा त्रास राहिला नव्हता, सुरक्षाप्रमुख स्वतः फाटक उघडून धरत आणि "बोका कसा आहे?" म्हणून विचारत. अडचण निराळीच निघाली. तिकडे नेलेल्या जोडीने वरच्या अंगाला सोयरीक जमवलेली दिसत होती. गेली होती दोन, आणि हिरवे साहेबांच्या मागे पाण्यातून डोकी वर काढत निघालं ते अख्खं वऱ्हाड. पोरंबाळंसुद्धा. मासे पुरेनात. साहेबांनी दोन पिशव्या केल्या, मग स्कूटरवर माशांची पाटी बांधली. पिशवी उशिरा उघडली तर वऱ्हाडातली वडीलधारी मंडळी शिट्टीसारखा आवाज काढून नाराजी कळवू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं बिऱ्हाड कालव्यात उतरलं. हिरवे साहेब काठावरच्या दगडावर मटकन बसले. एक पिल्लू त्यांच्या बुटावर चढून बसलं. दुसरं पिशवीत शिरलं. घरात पाल दिसली तर बायकोला हाक मारणाऱ्या या माणसाने पिल्लाला मानेला धरून अलगद बाहेर काढलं आणि म्हटलं, "तू आधी खाल्लंयस. तिला खाऊ दे. ती लहान आहे."

"कधीपासून चाललंय हे?"

मागे वेताच्या झुडपातून तज्ज्ञ बाई दुर्बीण उतरवत बाहेर आल्या.

हिरवे साहेब उभे राहू लागले, पण बुटावर पिल्लू होतं, म्हणून पुन्हा बसले. आणि बसल्या जागी त्यांनी सगळं सांगून टाकलं. प्रमुखांचं "बघा तुम्ही" तेवढं वगळलं.

"पाणी चांगलं आहे म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या.

"उत्तम आहे, बाई."

"आणि तुम्ही जंगली जनावरांना हातातून खायला शिकवलंत. यापेक्षा मोठी चूक माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिली नाही."

"हो, बाई."

"उद्या एकदम बंद केलंत तर पिल्लं वसाहतीत शिरतील. दारोदार मागत हिंडतील. कुत्री फाडतील त्यांना."

हिरवे साहेबांचा चेहरा एकदम उतरला. बुटावरच्या पिल्लाकडे त्यांनी पाहिलं. नोकरीचा विचार या घटकेला त्यांच्या डोक्यात नव्हता. "मग काय करायचं हो, बाई?" त्यांनी विचारलं.

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे. "बघते मी," त्या म्हणाल्या.

परवाना वाढवून मिळाला. वसाहतीत पेढ्यांऐवजी समाधान वाटलं गेलं, कारण खर्च वाढला होता. परवान्यासोबत मंडळाने एक अट घातली होती. पाणमांजरांचं आयतं खाणं हळूहळू, अगदी बेताबेताने कमी करत न्यावं. ते रोज त्याच वेळी आणि त्याच ओळखीच्या माणसाने घालावं. आणि काम पुरं झालं असं मंडळाला वाटेपर्यंत त्या माणसात कोणताही बदल करू नये.

हिरवे साहेबांना मुळीच वाईट वाटलं नाही. उलट केंद्रात आता त्यांना मान होता. त्यांच्या माशांसाठी उपाहारगृहात वेगळा फ्रिज आला. प्रमुख जिन्यात भेटले तर बाजूला होऊन वाट देऊ लागले.

थंडी सरली तेव्हा बायको म्हणाली, "इतकं सोसलं मी. चार दिवस कुठंतरी लांब जाऊ या. जिथं मांजर नाही, मासा नाही आणि मुख्य म्हणजे पाणी नाही."

साहेबांना ते पटलं. ते रजेचा अर्ज घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेले. प्रमुखांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना बसायला सांगितलं.

"हिरवे, माझ्या अधिकारात किती आहे ते सांगतो. चार दिवस अणुभट्टी बंद ठेवायची म्हटलं तर मी ठेवू शकतो. एक फोन केला की झालं." त्यांनी अर्ज घडी घालून परत केला. "पण तुम्हाला नाही बंद ठेवता येत."