‘अहो’ म्हणजे नेमकं कोण?

ज्या वर्षी आमच्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी आमची सून सर्जरीच्या परीक्षेत नापास झाली. कापण्यात नाही, शिवण्यात नाही, बोलण्यात! मी म्हटलं, एवढंच ना? लिहायला मी उशिरा शिकले, पण बोलायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आठवडाभरात तयार करते हिला.

झालं होतं असं. त्यांच्याकडे रबराच्या पेशंटवर खोटं ऑपरेशन करायला लावतात. हात कसा चालतो ते वेगळं बघतात आणि भोवतीच्या माणसांकडून काम कसं करून घेता, ते वेगळं. मध्येच पेशंटमधून लाल पाणी उडायला लागलं. सून मुळात अदबीची. म्हणाली, "अहो, जरा क्लॅम्प देता का?" भोवती चार माणसं उभी. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सांगितलं. रक्त थांबवायचा तो चिमटा जागच्या जागी राहिला आणि रबराचा पेशंट वारला. परीक्षक म्हणाले, हात उत्तम आहेत, पण ‘अहो’ म्हणजे नेमकं कोण? पुन्हा नापास झाली तर अख्खं वर्ष वाया. पोरीला घास गिळेना.

मी जेवणाचं टेबल रिकामं केलं. त्यावर उशी आडवी टाकली, ती पेशंट. क्लॅम्प म्हणून सांडशी, रक्त म्हणून तांब्याभर पाणी. मुलगा मदतनीस, मी नर्स आणि आमचे हे भूल देणारे डॉक्टर. यांनी खुर्चीत बसल्या बसल्या आधी स्वतःलाच भूल दिली. सून उशीवर वाकली आणि सवयीने बोलून गेली, "अहो, सांडशी."

आमच्यासमोर ती नवऱ्याला ‘अहो’च म्हणायची, म्हणून मुलगा धावला. या घरातलं जुनं ‘अहो’ म्हणजे आमचे हे, तेही झोपेतून उठून धावले. दोघांची टाळकी आपटली, तांब्या लवंडला आणि पेशंट बुडाला.

मग सुनेनेच नियम घातला. ज्याला काम सांगायचं त्याला आधी हाक मारायची आणि त्याने ऐकलेलं उलट बोलून दाखवायचं. "बाबा, चहा घ्या." "चहा घेतो." "आई, गॅस बंद करा." "गॅस बंद करते." नवऱ्याला तिने नावाने हाक मारली, तेव्हा तो हजेरी घेतल्यासारखा ताठ उभा राहिला. सून मला म्हणाली, आता तुम्हीही बाबांना नावाने हाक मारा. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! तोंड उघडलं आणि निघालं, "अहो." सुनेने मला भोपळा दिला. हे तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

परीक्षेचा दिवस उजाडला. लाल पाणी उडालं आणि पोरीच्या तोंडून सराईतपणे निघालं, "आई, क्लॅम्प! बाबा, बीपी सांगा!" आई म्हणजे तिथली सगळ्यात खाष्ट नर्स आणि बाबा म्हणजे भूल देणारा, हिच्याहून लहान, अजून लग्न न झालेला डॉक्टर! पण नर्सने मुकाट्याने क्लॅम्प हातात ठेवला आणि बाबांनी बीपी सांगितलं. पेशंट वाचला. परीक्षक म्हणाले, नावं आधी विचारून घ्यायला हवी होती, पण कुणाला बोलावलंय हे प्रत्येकाला कळलं. पास!

श्रेय अर्थात मी घेतलं. हे म्हणाले, बरोबर आहे, शिकवणारी स्वतः नापास असली म्हणून काय झालं.

पुढच्या वर्षी हेच दवाखान्यात पडले. ग्लानीत होते. नर्स म्हणाली, आजी, नावाने हाक मारा, जागे होतील. पलंगापलीकडे सून उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा यांना नावाने हाक मारली, चांगली खणखणीत.

यांनी डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, कुणाला बोलावतेस?"

"कुणाला नाही. अहो, झोपा तुम्ही."

"झोपतो," म्हणाले.

जुळ्यांचा पहिला वाढदिवस झाल्यावर दोन आठवड्यांनी, बुधवारी दुपारी, माझे यजमान वारले.