टीव्हीकाकांना न सापडलेला सिग्नल

टीव्हीकाकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माझ्या हातून दुरुस्त झाला नाही असा टीव्ही अजून कारखान्यातून बाहेर पडायचाय." टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी वाक्य जोरात चालू होतं. जिन्यात, दवाखान्याच्या रांगेत, भाजी घेताना, कुठेही कुणी टीव्हीचं नाव काढायचा अवकाश, की काका ते वाक्य ऐकवून मोकळे व्हायचे. ऐकणारा मान डोलवायचा, कारण ते खरंच होतं.

असे हे काका त्या शनिवारी दुपारी चार वाजता चपला हातात घेऊन, मांजराच्या पावलांनी गच्चीवर निघाले होते. कशाला? तर स्वतःच्याच टीव्हीचा सिग्नल घालवायला.

त्याचं असं झालं. दर शनिवारी सात वाजता 'उघड्या दाराचं घर' नावाचा कार्यक्रम लागायचा. एक खरंखुरं कुटुंब, नवरा, बायको आणि जुळ्या मुली. त्यांच्या घरात नऊ वर्षं कॅमेरे लावलेले. मुलींचे दुधाचे दात पडलेले सगळ्यांनी पाहिले होते. आता त्याच घरात कुरबुर सुरू झाली होती. नवऱ्याने बायकोला न विचारता लांबच्या शहरातली नोकरी घेतली, ती संतापली, आणि दोघं एकाच घरात दोन खोल्यांत राहायला लागली.

बिल्डिंगमध्ये घरोघरी टीव्ही होते, पण हा कार्यक्रम एकट्याने बघण्यात काय मजा? मत मांडायचं तर ऐकणारे नकोत का? म्हणून पावणेसात वाजले की खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी, तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर आणि समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमन, असे तिघं आपापली खुर्ची घेऊन काकांकडे हजर व्हायचे. डॉक्टर बायकोच्या बाजूचे, पोस्टमन नवऱ्याच्या बाजूचे, आणि मावशी जो हरत असेल त्याच्या बाजूच्या.

काकांना ही गर्दी आवडायची. एके काळी सगळ्या गल्लीत एकच टीव्ही होता, आणि तो काकांकडे होता. त्यांनी तो स्वतः सुटे भाग जुळवून केला होता. लाकडी पेटी, पुढे सरकणारं शटर. नुकतंच लग्न झालेलं. संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, उशिरा आलेले खिडकीच्या कट्ट्यावर, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. काका गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि काकू खालच्या खिडकीतून मान वर करून सांगायच्या. "आलं का?" "आलं... गेलं... आलं, आता हात लावू नका." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दोघांचं जे काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं असं गच्ची आणि खिडकीच्या मधोमध झालं. घरात माणसंच एवढी असायची की दुसरीकडे बोलणार कुठे?

ती लाकडी पेटी काकांनी तीन आठवड्यांपूर्वी भंगारवाल्याला देऊन टाकली. काकू बहिणीकडे दोन दिवस गेल्या होत्या. पेटीतला टीव्ही कधीच मेला होता, आणि पेटी आतल्या खोलीत, बाहेरच्या कुणाच्या नजरेला न पडता असायची. आत काकूंची बटणं, दोरे, जुने चष्मे आणि मुलाच्या शाळेचे फोटो असायचे. काकांनी ते सगळं नीट काढून एका खोक्यात भरलं, पेटी दिली, आणि बायको आल्यावर मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बघ, किती जागा झाली."

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. अगदीच अबोला म्हणता येणार नाही. त्या टीव्हीमार्फत बोलायच्या.

"माणसाने एका शब्दाने विचारावं," पडद्याकडे बघत त्या म्हणायच्या. "विचारल्याने काही जीभ झिजत नाही."

"त्याचा हेतू वाईट नव्हता," काकाही पडद्याकडेच बघत म्हणायचे.

"हेतू काय चाटायचाय?"

डॉक्टर "बरोबर" म्हणायचे, पोस्टमन "तसं नाही हो" म्हणायचे, आणि यातलं अर्धं भांडण याच घरातलं आहे हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मग गेल्या शनिवारी शेवटी जाहिरात दाखवली. 'पुढच्या भागात, ती घर सोडणार?' काकू मावशींना म्हणाल्या, पण काकांना ऐकू जाईल अशा बेताने, "ती निघाली ना, की मीही निघते बहिणीकडे. तिला जमतं तर मला का नाही?" मावशी हसल्या. काका हसले नाहीत. शुक्रवारी त्यांनी पाहिलं, निळी बॅग माळ्यावरून खाली आली होती. आत दोन साड्या, स्वेटर, आणि महिनाभर पुरतील एवढ्या रक्तदाबाच्या गोळ्या. साड्या-स्वेटर बघून काकांना काही वाटलं नसतं. गोळ्या मात्र त्यांनी दोनदा मोजल्या. रागावलेलं माणूस एवढ्या गोळ्या मोजून घेत नाही, जाणारं माणूस घेतं.

आता दुसरा कुणी नवरा असता तर बायकोपुढे जाऊन म्हणाला असता, "जाऊ नकोस." पण काका पडले मेकॅनिक. त्यांना वाटलं, ती बाई घर सोडताना दिसलीच नाही तर प्रश्नच मिटला. म्हणून ते गच्चीवर गेले, डिशचा नट सैल केला, आणि डिश वीतभर फिरवली. फिरवण्याआधी मूळची जागा खांबावर खडूने आखून ठेवली. जन्मभराची सवय, जाणार कुठे?

सात वाजले. खुर्च्या लागल्या. काकूंनी रिमोट दाबला आणि निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'सिग्नल नाही'.

"हवामान खराब असेल," काका म्हणाले.

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

"मग वरूनच काही झालं असेल. उपग्रहात. आज नाद सोडा."

"चला माझ्याकडे," डॉक्टर उठलेच. "दवाखान्यात टीव्ही आहे."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मावशींनी तारलं. "मी नाही बाई येणार. तिथे नुसतं बसलं तरी माझी दाढ ठणकते." पोस्टमनचाही हात गालाकडे गेला. तीस वर्षांत डॉक्टरांकडे पाहुणा म्हणून कुणी गेलं नव्हतं.

"आणि काका घरात असताना आपण दुसरीकडे का जायचं?" पोस्टमन म्हणाले. "काका, ते तुमचं कारखान्याचं वाक्य काय हो?"

तेव्हा काकू भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाल्या, "ज्यांचा हात आजवर कुठे अडला नाही, त्यांना म्हणावं वर जा."

काका पाना घेऊन वर गेले. मनात म्हणाले, ठीक आहे, तासभर नुसती खुडबुड करू. आठ वाजले की कार्यक्रम संपेल. पण खालून कुणीतरी सांगायला हवं ना, चित्र आलं की नाही ते? मावशी म्हणाल्या, "काकू, ते तुमचंच काम." काकू नाइलाजाने उठल्या आणि खिडकीत उभ्या राहिल्या. बाकीचे तिघं शेजारच्या गॅलरीत जमले.

वरून काकांनी हाक दिली, "आलं का?"

तीन आठवड्यांत काकूंना थेट विचारलेला हा पहिला प्रश्न.

"नाही."

काकांनी डिश आणखी भलतीकडे वळवली. "आता?"

"उलटं फिरवताय."

"तुला खालून काय कळतंय?"

"जन्म गेला माझा खालून बघण्यात. तुमचा हात कुठे जातोय ते मला न बघता कळतं." काकूंनी मान आणखी वर केली. "अहो, चार वाजता खडू घेऊन गच्चीवर कशाला गेला होतात?"

काकांनी बाहीकडे पाहिलं. पांढरीफटक.

"मुद्दाम घालवलात ना सिग्नल?"

खोटं बोलायचं तर काहीतरी सुचायला हवं, आणि काकांना काही सुचलं नाही.

"हो."

"हे काही बरोबर केलं नाही काकांनी," डॉक्टर हळूच म्हणाले.

"आधी त्यांचं ऐकून तर घ्या," पोस्टमन म्हणाले.

"कशासाठी घालवलात?" काकूंनी विचारलं.

काकांनी डिशचा खांब घट्ट धरला. "ती गेली की तूही जाशील म्हणून."

"म्हणून टीव्ही बंद? मला थांब म्हणायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"तू बोलत कुठे होतीस?"

"तुम्ही विचारत कुठे होतात? पेटी देताना तरी विचारलंत?"

"अगं, तिच्या आतलं सगळं गेलं होतं. काच, तारा, काहीच उरलं नव्हतं."

"आतलं गेलं होतं, ते तुमचं. पेटी माझी होती." काकू कट्ट्यावरून पुढे वाकल्या. "नवीन घरात आले तेव्हा तुमच्या गल्लीत मला कुणी ओळखत नव्हतं. त्या पेटीमुळे सगळी माणसं माझ्या घरी आली. लोक गेले की मी शटर ओढायची आणि मग तुम्ही गच्चीवरून खाली यायचात. तेवढाच वेळ आपला असायचा. विसरलात?"

काका विसरले नव्हते. शटर ओढल्याचा खर्रर्र आवाज त्यांना त्या क्षणी स्पष्ट ऐकू आला. तो आवाज भंगारात देताना आपण हमालाला वर "नीट उचल" म्हणून सांगितलं, हे आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

"चुकलो गं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी गेलो होतो भंगारवाल्याकडे. विकली होती त्याने. कुणाला ते सांगता येईना त्याला."

"हे मला का नाही सांगितलंत?"

"काय तोंडाने सांगू?"

मावशींनी डोळे पुसले. काकू हरतायत असं वाटलं तेव्हा त्या काकूंच्या बाजूला होत्या, आता त्या काकांकडे आल्या होत्या. "पुरुषमाणूस एवढं बोलतोय, घ्या आता मिटवून," त्यांनी मत दिलं. पोस्टमन म्हणाले, लगेच मिटवू नये, त्याने किंमत राहत नाही. डॉक्टर मात्र कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होते.

"काकू," शेवटी ते म्हणाले, "त्या पेटीवर डाव्या कोपऱ्यात जळल्याचा डाग होता का?"

"इस्त्रीचा. तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडे आहे ती. दवाखान्यात. पेशंटना वाचायला मासिकं ठेवलीयत त्यात."

मावशी गर्रकन वळल्या. "अहो डॉक्टर, प्रत्येक शनिवारी त्या नवऱ्याला शिव्या घालता, आणि बाईची पेटी दडपून बसता?"

"मला काय ठाऊक कुणाची ते? मी तर जुन्या सामानाच्या दुकानातून घेतली."

"इतके दिवस कुणाला दिसली कशी नाही?" पोस्टमन म्हणाले आणि त्यांनीच उत्तर दिलं, "दाढ दुखल्याशिवाय तिकडे जातंय कोण." मग तिघंही पेटी आणायला धडाधड जिना उतरले.

वर काकांनी डिश खडूच्या खुणेवर आणली आणि नट आवळला. आता चित्र यायलाच हवं होतं. आपल्या कामाबद्दल काकांना कधी शंका नसायची.

"आलं का?"

उत्तर यायला जरा वेळ लागला. त्या वेळात काय झालं ते काकूंनी काकांना मागाहून सांगितलं. चित्र आलं होतं, लख्ख. तो नवरा आणि ती बायको सोफ्याच्या दोन टोकांना बसली होती, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेला होता. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. इतकी वर्षं काकू असा चेहरा मन लावून बघायच्या. पण आत्ताच आपलं बोलणं सगळ्या बिल्डिंगने ऐकलं होतं, मतं दिली होती. काकूंना एकदम त्या बाईची लाज वाटली. तिची नव्हे, आपली. बिचारीला निदान आज तरी कुणी बघू नये, असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि पुन्हा खिडकीत आल्या.

"नाही आलं," काकू म्हणाल्या.

काकांनी खुणेकडे पाहिलं. डिश केसभरही हललेली नव्हती. त्यांनी नट चाचपला. आणि मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. ते डिश सोडून कठड्याला टेकले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. थोडं डावीकडे."

काकांनी दोन्ही हात खिशात घातले. "आता?"

"आल्यासारखं वाटतंय... गेलं."

"जाशील का बहिणीकडे?"

"बघू. आधी डावीकडे घ्या म्हटलं ना."

असं बराच वेळ चाललं. मावळतीचा उजेड गच्चीवरून सरकत गेला, आणि हात खिशात घालून काका डिश फिरवत राहिले.

पेटी वर येईपर्यंत आठ वाजून गेले होते. जिन्याच्या वळणावर ती अडकली, पोस्टमनची बोटं चेंगरली, आतली मासिकं डॉक्टरांच्या पायावर पडली, पण एकदाची ती आपल्या जागी बसली. काकूंनी शटर ओढून पाहिलं. खर्रर्र. मग त्यांनी खोक्यातली बटणं, दोरे पुन्हा पेटीत मांडले, निळी बॅग आणली आणि त्यातल्या गोळ्या काढून पेटीत ठेवल्या, बटणांशेजारी. काका दारात उभे राहून ते बघत होते.

एवढ्यात मावशींना आठवलं. "अगं बाई, कार्यक्रम! ती गेली की राहिली?"

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. खोलीत त्या एकट्याच होत्या ना.

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "सिग्नलच नव्हता."

पोस्टमन चेंगरलेली बोटं झाडत काकांकडे वळले. त्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या कारखान्याच्या वाक्याचा सगळा हिशेब होता. "काय हो टीव्हीकाका, तासभर वर होतात, आणि एक डिश लावता आली नाही?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती पेटीवरची धूळ पदराने पुसत होती.

"नाही जमलं बुवा," काका म्हणाले, आणि त्यांना इतकं खुशीत हरताना पाहून पोस्टमनना वाटलं, म्हाताऱ्याला वरचं वारं लागलं असावं.